बोअरचं घर घेताय? आधी प्रेशर टँकपाशी उभे राहा

तुम्ही विचारलंय की न्यू हॅम्पशायरमध्ये गावाबाहेरचं घर पसंत पडलंय, पण तिथे सार्वजनिक नळाचं पाणी नाही, घराची स्वतःची बोअर आहे. पंप आणि प्रेशर टँक दोन्ही जुने. घर घ्यावं का, आणि नवं बसवायचं तर काय पाहावं? मी अमेरिकेत बरीच वर्षं अशाच घरात राहते. घर जरूर घ्या, पण बोअरची नोंद आणि पाण्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सौदा पक्का करू नका.

आधी ही टाकी कशाला लागते ते सांगते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उंचीच्या जोरावर येतं. १ पीएसआय (दाब मोजायचं एकक, दर चौरस इंचाला एक पौंड) दाबाला २.३१ फूट उंची लागते, म्हणजे ४० पीएसआय हवा असेल तर टाकी ९२ फुटांवर ठेवावी लागेल. शिवाय तिथल्या थंडीत ती गोठेल. म्हणून तळघरात पोलादी टाकी असते. तिच्या आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंप पाणी आत लोटतो तशी हवा दबते, आणि नळ उघडला की तीच हवा पाणी बाहेर ढकलते. दाब ४० वर उतरला की प्रेशर स्विच मोटर चालू करतो, ६० वर गेला की बंद. काही घरांत हेच आकडे ३० आणि ५० असतात.

घर बघायला जाल तेव्हा तळघरात पंधरा मिनिटं थांबा. एक नळ मध्यम सोडायला सांगा आणि गेजच्या, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मीटरच्या काट्यावर नजर ठेवा. काटा ६० वरून सावकाश ४० वर यायला हवा, मग स्विचचा 'टक्' असा आवाज, आणि तो पुन्हा सावकाश चढायला हवा. दर पाच-दहा सेकंदांनी टक्-टक् होत असेल तर टाकीत हवा उरलेली नाही. टाकीच्या माथ्यावर टायरला असतो तसा हवेचा व्हॉल्व्ह असतो, तो क्षणभर दाबा. पाणी उडालं तर आतलं रबर फाटलंय, टाकी बदलावीच लागेल. नुसती हवा आली तर ती भरून टाकी वाचण्याची शक्यता आहे. मग सगळे नळ बंद करून बघा. तरीही काटा उतरत असेल तर टाकीच्या पुढचा, घराकडे जाणारा कॉक बंद करा. आता काटा थांबला तर गळती घरात आहे, बहुतेक वेळा कमोडच्या टाकीत. थांबला नाही तर एनआरव्ही (पाणी उलटं मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) किंवा बोअरकडची लाईन गळतेय, आणि ते मोठं काम आहे.

नवी टाकी घेताना तिच्यावर लिहिलेल्या गॅलनच्या आकड्यावर जाऊ नका. ४४ गॅलनच्या टाकीतून ४०-६० च्या सेटिंगला मोटर बंद झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत जेमतेम ११ गॅलन पाणी मिळतं, बाकी जागा हवेची. मोटर प्रत्येक वेळी निदान १ मिनिट तरी चालली पाहिजे, कारण तिला खरा ताण सुरू होताना पडतो. म्हणजे मिनिटाला १० गॅलन देणाऱ्या पंपाला ही टाकी किमान झाली. जागा असेल तर मोठीच घ्या, मोटरचं आयुष्य वाढतं. बसवताना वीज बंद, टाकीतलं पाणी पूर्ण काढलेलं, आणि मगच हवा मोजायची. मोटर ज्या दाबाला सुरू होते त्याच्यापेक्षा २ पीएसआय कमी, म्हणजे ४० ला ३८. पाणी आत असताना मोजलेल्या हवेला काही अर्थ नाही.

पंप हॉर्सपॉवर बघून घेऊ नका, बोअर बघून घ्या. बोअर मारणाऱ्याने केलेली नोंद मिळवा. त्यात खोली, केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाईप), पाण्याची पातळी आणि पाणी किती लागलं हे असतं. समजा, मोटर चालू असताना पातळी १५० फुटांवर राहते. त्यात ६० पीएसआयचे सुमारे १३९ फूट मिळवा, पाईपमधल्या घर्षणाचे थोडे. झाले ३०० फूट, पंपाला पाणी एवढं उंच चढवण्याइतका जोर लावायचा आहे. आता कंपनीच्या आलेखात ३०० फुटांना तुम्हाला हवं तेवढं पाणी देणारा पंप शोधायचा. बोअरला मिनिटाला २ गॅलनच पाणी असेल तरी घाबरू नका. ६ इंची बोअरमध्ये दर फुटाला सुमारे दीड गॅलन पाणी साठलेलं असतं, २०० फूट पाणी उभं असेल तर ३०० गॅलन झाले. फक्त कोरडी पडली की मोटर आपोआप बंद करणारं संरक्षण घ्याच.

टाकी आणि स्विचचं काम समजून घेऊन करता येतं, पण बोअरमध्ये मोटर सोडायचं काम लायसन्स असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तो काम करत असताना जवळ उभे राहा. घराकडे जाणारी आडवी लाईन जमिनीत दंव पोहोचतं त्याच्याही खालून निघते, केसिंगला तिथे पिटलेस अ‍ॅडॉप्टर, म्हणजे बोअरमधला पाईप आणि ही लाईन जोडणारा सांधा असतो. त्याची रबरी रिंग नवी घाला, केबलही नवीच, आणि सांध्यांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवलेली हवी. टाकीपाशी आणखी एक एनआरव्ही कोणी सुचवला तर नको म्हणा. बोअरमधला खालचा एनआरव्ही गळायला लागला की मधल्या पाईपमध्ये पोकळी होते, पाईपला चीर असेल तर तिथून मातीतलं घाण पाणी आत ओढलं जातं, आणि गेज मात्र सगळं ठीक दाखवत राहतो.

आता पाण्याबद्दल, आणि हे सगळ्यांत कळकळीने सांगते. १९७४ चा पिण्याच्या पाण्याचा केंद्रीय कायदा खासगी बोअरला लागू होत नाही, त्यामुळे तपासणी तुमची तुम्हालाच करायची आहे. न्यू हॅम्पशायर ज्यात येतं त्या न्यू इंग्लंड भागाच्या खडकात आर्सेनिक हे विष सापडतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव, आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. सार्वजनिक पाण्यासाठी केंद्राची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, न्यू हॅम्पशायरने ती २०२१ मध्ये ५ केली. तुम्हीही ५ च धरा, घरात लहान मूल असेल तर नक्कीच. रेडॉन, युरेनियम या किरणोत्सर्गी पदार्थांचीही चाचणी करा. कोलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेट दरवर्षी. नवी मोटर सोडल्यावर बोअरमध्ये क्लोरीन घालून, ते पूर्ण निघून गेल्यावर पुन्हा कोलिफॉर्म तपासा. तो रिपोर्ट येईपर्यंत प्यायला बाटलीचं पाणी.

आणि बर्फाच्या वादळात वीज गेली की पाणीही गेलं, अगदी फ्लशचंसुद्धा. टाकीत असेल तेवढंच. बहुतेक सबमर्सिबल मोटरी २४० व्होल्टच्या असतात आणि सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढतात, तेव्हा जनरेटर घेण्याआधी मोटरच्या कंट्रोल बॉक्सवरचे आकडे उतरवून घ्या.