सोंड एक्स्ट्रूडने होत नाही

गणपतीच्या मूर्तीचं थ्रीडी मॉडेल करायचंय ना? मग फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये सोंड एक्स्ट्रूड (सपाट आकार सरळ ओढणं), स्वीप (तो वाटेवरून ओढणं) आणि लॉफ्ट (दोन-तीन छेद जोडणं) यांनी जमवत बसू नकोस. नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या फ्लँज-ब्रॅकेटसाठी ते झकास आहे. गोलाईच्या कामाला दुसरं हत्यार घे.

आधी फाइल कुठे जाणार ते ठरव. सराफ बाजारातल्या कारागिराला कास्टिंगसाठी रेझिनचा प्रिंट द्यायचा असेल, तर एसटीएल (नुसत्या त्रिकोणांच्या जाळीची फाइल) पुरते. मग सरळ ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिक. 2002 पासून ते मुक्तस्रोत आहे, एक रुपया लागत नाही, आणि स्कल्प्ट मोडमध्ये आकार मातीसारखा दाबता-ओढता येतो. शॉर्टकट सुरुवातीला डोकं खातात, खातील. मिरर (एका बाजूचा बदल दुसरीकडे आपोआप करणारा) चालू ठेवून अर्धंच अंग घडव. सोंड वळवण्याआधी मात्र तो बंद कर, नाहीतर दोन सोंडांचा गणपती होईल!

डाय (साचा) बनवणारा स्टेप फाइल (अचूक पृष्ठभागांची कॅड फाइल) मागत असेल, तर गोष्ट वेगळी. ब्लेंडरची जाळी फ्रीकॅडमध्ये सॉलिड करता येते, पण प्रत्येक त्रिकोणाचा वेगळा फेस (पृष्ठभाग) बनतो आणि कॉम्प्युटर मान टाकतो. तिथे राइनो या कॅड सॉफ्टवेअरचं सबडी (आवृत्ती 7 पासून आहे) किंवा फ्यूजन या दुसऱ्या कॅडचं फॉर्म वापर. दोन्हीकडे पिंजरा (आकाराभोवतीची चौकोनांची ढोबळ जाळी) ओढून आकार द्यायचा, मग त्याचे नर्ब्ज (गणिती वक्रांचे गुळगुळीत) पृष्ठभाग करायचे. पिंजऱ्यात चौकोन कमी ठेव. घाईने वाढवलेस की गाल खडबडीत दिसतात. फ्यूजनचा फुकट परवाना बिनव्यावसायिक कामापुरता असतो, गिऱ्हाइकाचं काम त्यावर घेऊ नकोस.

चौरंग आणि स्क्रूची भोकं मात्र फ्रीकॅडमध्येच कर.