जावामध्ये स्ट्रिंगच्या अ‍ॅरेत एखादं नाव आहे का, ते कसं तपासायचं?

कापूस खरेदीच्या यादीतली नावं ‘गावं’ या अ‍ॅरेत आहेत आणि त्यात पुलगाव आहे का पाहायचंय, तर एक ओळ पुरे: अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्ट(गावं).कंटेन्स("पुलगाव"). आतून हे इक्वल्स, म्हणजे मजकूर जुळतो का बघणारी मेथड, वापरतं. स्वतः लूप लिहाल तर == लावू नका; ते मजकूर बघत नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतं. जावाच्या स्कॅनर क्लासने कीबोर्डवरून वाचलेलं नाव हमखास तिथंच फसतं.

नाव यादीत असूनही फॉल्स, म्हणजे ‘नाही’, येतंय? बहुतेक वेळा नावामागे स्पेस चिकटलेली असते, "पुलगाव " अशी. आधी ट्रिम करून कडेच्या स्पेस काढा, यादीतल्या आणि शोधायच्या अशा दोन्ही नावांच्या. हजारो शेतकऱ्यांच्या नोंदी तपासायच्या असतील तर अ‍ॅरे एकदाच हॅशसेटमध्ये, म्हणजे थेट शोध घेता येणाऱ्या संचात, टाका. नाहीतर दर नोंदीला यादी पहिल्यापासून चाळली जाते. इंटच्या, म्हणजे पूर्णांकांच्या, अ‍ॅरेला मात्र अ‍ॅजलिस्टची ही युक्ती चालत नाही, अ‍ॅजलिस्ट अख्खा अ‍ॅरेच एक घटक धरतं.