मागणी घालण्याआधीचे दहा दिवस

गुहागर,
१२ डिसेंबर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा रात्री वाचली आणि काल दुपारी तुझ्या काकूला वाचून दाखवली. तिच्यापासून लपवावं असं त्यात काही नव्हतं, आणि या विषयात तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ब्राझीलच्या पाँटा दा मदेरा बंदरात जहाजात लोहखनिज भरून निघालात, आता केप ऑफ गुड होपला वळसा घालून चीनमधलं चिंगदाओ, माल उतरवून परतताना सिंगापूरला साइन ऑफ करून तू जहाज सोडणार. म्हणजे जानेवारीअखेर तू मुंबईत. विमानतळावरूनच गाडी करायची, थेट चिपळूण, तुझ्या मैत्रिणीचं दार, मागणी घालायला खिशात अंगठी. वाचून फार बरं वाटलं. सात महिने पाण्यावर काढलेल्या माणसाच्या मनात एवढी ओढ असायलाच हवी.

पण विचारलं आहेस म्हणून सांगतो. विमानतळावरून चिपळूणला जाऊ नकोस. आधी घरी जा, आईच्या हातचं जेव, झोप. त्या मुलीला फोन कर, वाटल्यास भेटूनही ये, पण मागणी घालू नकोस. दहा दिवस जाऊ देत.

कारण सांगतो. ब्राझीलहून चीनला पोहोचेपर्यंत तुमची घड्याळं एकेक तास करत अकरा तास पुढे जातील. त्यात तू सेकंड मेट, दुपारी आणि रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा. घरी आल्यावर पहिले काही दिवस तू रात्री दोनला टक्क जागा असशील आणि दुपारी पानावर बसून पेंगशील. हे शरीराचं झालं, ते लागतं ठिकाणावर. मनाला जास्त वेळ लागतो. उतरल्यावरच्या पहिल्या आठवड्यात आपण सगळे फार गोड वागतो, फार बोलतो, फार खर्च करतो. गल्लीतलं कुत्रंसुद्धा चांगलं वाटतं. तो माणूस खोटा नसतो, पण तो पाहुणा असतो. तिला लग्न करायचं आहे ते वीजबिल, पाण्याची मोटर आणि शेजाऱ्याच्या फणसाची फांदी यांच्याशी वाद घालणाऱ्या माणसाशी. तो माणूस तिला थोडा तरी दिसू दे, मग विचार.

आता जरा कडक बोलतो. तुझ्या मेलमध्ये तिच्याविषयी सहा ओळी आहेत आणि त्यातल्या चार ओळी ती तुझी वाट कशी पाहते यावर आहेत. पाहत असेलही वाट. पण एवढी वर्षं ती काही नुसती वाट पाहत बसलेली नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तू राहिलेला सी-टाइम, म्हणजे परीक्षेआधी जहाजावर काढायचे महिने, पुरा करायला जहाजावर होतास. तुला बातमी नीट कळेपर्यंत पाणी ओसरलंही होतं. तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना तळमजल्यावर, उघडून वर्षही झालं नव्हतं. त्या आठवड्यात तुझी काकू चिपळूणला गेली होती, तांदूळ, मेणबत्त्या आणि जुनी लुगडी घेऊन. ती सांगते, मुलगी गुडघाभर चिखलात उभी राहून फावड्याने दवाखाना उपसत होती, आणि शेजारच्या म्हातारीला दोन हातांनी धरून जिनाही तीच चढवत होती. मशीन गेलं, टेबलं गेली, कर्ज राहिलं. त्यातून तिने दवाखाना पुन्हा उभा केला.

तू मला उत्तर पॅसिफिकमधल्या वादळाचे फोटो पाठवले होतेस. डेकवर पाणी चढलेलं, लाटा ब्रिजच्या काचेपर्यंत आलेल्या. तिला पण पाठवले असशील. तिच्या दवाखान्याच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं, ती खूण तिने राखून ठेवली आहे का, कधी विचारलंस? विचारलं असशील तर माझं बोलणं मागे घेतो. नसशील विचारलं, तर त्या दहा दिवसांत बंदरांच्या गोष्टी सांगायच्या आधी तिला बोलू दे. आपण जहाजावरचे लोक घराला सोडलेल्या जागी थांबलेलं समजतो. घर कुठेही थांबत नाही. तुला चालत्या गाडीत चढायचं आहे, आणि गाडीत आधीपासून बसलेल्या माणसाने कुठे सरकायचं हे चढणाऱ्याने ठरवायचं नसतं.

माझं सांगतो. १९८१ साली टी. एस. राजेंद्र या प्रशिक्षण जहाजावरून शिकून बाहेर पडलो, १९८७ च्या मे महिन्यात लग्न झालं. तारीख माझ्या वडिलांनी कंपनीच्या एका पत्राच्या भरवशावर धरली होती. रिलिव्हर, म्हणजे माझ्या जागी येणारा माणूस, कोलंबोला येणार होता, आला नाही. पुढच्या बंदरातही आला नाही. हळदीच्या आदल्या दिवशी मी घरी पोहोचलो. काकूने मला त्याआधी एकदाच पाहिलं होतं, पाहण्याच्या कार्यक्रमात. तिच्या वडिलांनी ते तीन आठवडे कसे काढले हे मला फार नंतर कळलं, आणि त्यांच्यासमोर मी कधी त्याबद्दल दोन शब्द बोललो नाही याची खंत अजून आहे. लग्नानंतर चौतिसाव्या दिवशी मी जहाजावर. तेव्हा पत्र एजंटमार्फत महिन्याने मिळायचं, आणि रेडिओ टेलिफोनवर बोलायचं तर अर्धा समुद्र ऐकत असायचा. नव्या नवरीने त्यावर काय बोलावं?

पहिल्यांदा परत आलो तो दहा महिन्यांनी. चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी मी खळ्यात बाज टाकून पडलो होतो. साडेआठ वाजले, तिने दिवे मालवले आणि आतून दाराला कडी घातली. मी बाहेर. तिने मुद्दाम केलं नव्हतं. दहा महिने रोज साडेआठला सासूची औषधं द्यायची, कडी घालायची, हा तिचा नेम झाला होता आणि त्या नेमात मी नव्हतो. मी दार ठोठावलं आणि आत गेल्यावर नको ते बोललो. घरात माझी किंमत नाही, इथपर्यंत गेलो. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी गॅसच्या शेगडीची जागा बदलली, फडताळातले डबे माझ्या सोयीने लावले, जणू चीफ ऑफिसर नव्या जहाजावर पहिला राउंड घेतोय. त्या सुट्टीतले दोन महिने आम्ही एकमेकांशी जपून, परक्यासारखे बोललो. लग्नाचं पहिलं वर्ष असं गेलं. ते परत मिळत नाही रे, म्हणून तुला एवढं लिहितोय.

पुढच्या खेपेला मी एक केलं. आलो आणि पंधरा दिवस घरातल्या एकाही वस्तूची जागा बदलली नाही. बाजारात कुठला दुकानदार उधारी देतो, भावाशी जमिनीचं बोलणं कुठवर आलं आहे, सगळं तिला विचारत राहिलो. हँडिंग ओव्हर घेतल्यासारखं. जहाजावरून उतरणाऱ्या माणसाकडून आपण टिपणं घेतो, त्याच्या सवयी समजून घेतो, मगच वॉच घेतो. घरात तेवढीसुद्धा विचारपूस न करता कॅप्टन व्हायला निघतो. नंतरच्या तीसेक वर्षांत मी वीसएक वेळा असा घरी आलो, आणि काकूला विचारशील तर ती म्हणेल की त्यातल्या सात-आठ वेळा नीट आलो.

तेव्हा मागणी घालताना तिला खरं काय विचारायचं आहे, ते आधी स्वतःशी स्पष्ट कर. तू तिच्यावर जीव टाकतोस हे तिला माहीत आहे. वर्षातले सहा-सात महिने नसलेला नवरा तिला चालेल का, हा प्रश्न आहे, आणि तो गोड बोलून विचारता येत नाही. कागद पेन्सिल घेऊन बस. बारा महिने मांड. कॉन्ट्रॅक्टचे इतके, पुढच्या वर्षी चीफ मेटच्या परीक्षेचे आणि कोर्सचे इतके, आणि त्या काळात पगार नाही हेही लिही. आपल्याला जहाजावर असू तेवढ्याच दिवसांचे पैसे मिळतात, ही साधी गोष्ट कित्येक मुलींच्या घरी लग्नानंतर कळते. अनिवासी ठरून पगारावरचा आयकर वाचावा म्हणून आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांच्या आत राहायचं, हे गणितही तिला समजावून सांग, नाहीतर मार्च जवळ आला की तू बोटांवर दिवस मोजायला लागशील आणि तिला वाटेल, याला घरातून निघायची घाई झाली आहे.

तांबड्या समुद्राचंही सांग. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, कितीतरी जहाजं सुएझ सोडून केपवरून जायला लागली, हे ती बातम्यांत पाहतच असेल. अशा भागात जायला नकार देण्याचा हक्क अनेक करारांत असतो. तुझ्या करारात आहे का ते वाच, आणि तशी वेळ आली तर आपण काय ठरवायचं हे दोघांनी आजच बोला. भीती तिला वाटणारच. तिच्यापासून लपवलेली गोष्ट तिला दुसऱ्या कुणाच्या बायकोकडून कळली, तर भीतीबरोबर रागही येईल, आणि तो रास्त असेल.

तिच्या दवाखान्याचं काय, हे तू कुठेही लिहिलेलं नाहीस. लग्नानंतर ती पनवेलला तुझ्या फ्लॅटवर येणार हे तू धरून चालला आहेस असं मला वाटलं. का म्हणून? तू अर्धं वर्ष तिथे नसणार. पेशंट तिचे चिपळूणला, आईवडील चिपळूणला, चिखलातून उभं केलेलं काम चिपळूणला. तू कुठूनही सिंगापूरला जाऊ शकतोस. घर चिपळूणला करण्याचा विचार तू स्वतःहून मांडलास तर तिला अंगठीपेक्षा जास्त कळेल. तुझ्या आईला हे जड जाईल. तिच्याशी मी आणि काकू बोलू, पण आधी तू बोल.

हो म्हणाली, तर वडीलधाऱ्यांना मध्ये घ्या, रीतसर बोलणी होऊ देत. कोकणात बोटीवरच्या मुलाला एक तर लोक मुलगी देत नाहीत किंवा डॉलर ऐकून घाईने देतात. तिचे वडील दोन्हींतले नाहीत, त्यांना वेळ दे. तारखेचं मात्र माझ्या वडिलांसारखं करू नका. तू उतरून घरी आल्यावरच तारीख धरा. २०२० मध्ये जगभर चार लाखांच्या आसपास खलाशी आणि अधिकारी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, तूही त्यात होतास, किती जणांची लग्नं पुढे गेली ते तू मेस रूममध्ये ऐकलं आहेसच. एप्रिल-मे जमला तर उत्तम. तो हुकला तर आषाढीपासून चातुर्मास, मग तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा, आणि तेव्हा तू पुन्हा बाहेर. ती मागे एकदा काकूला म्हणाली होती की तिला नोंदणी पद्धतीनेच लग्न आवडेल. तसं ठरलं तर विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधीचे तीस दिवस वास्तव्य लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न करावं लागतं. वास्तव्य तिचं आहेच. तेव्हा नोटीस लवकर द्या, बाकी खरेदी मागाहून.

लग्नानंतर निदान तीन महिने जॉइन होऊ नकोस. कंपनीचा फोन येईल, माणूस कमी आहे म्हणतील, बढतीचं आमिषही दाखवतील. नाही म्हण. निघण्याआधी नेक्स्ट ऑफ किनच्या, म्हणजे जवळच्या नातेवाइकाच्या, फॉर्मवर आणि पीएफच्या नामनिर्देशनात बदल कर. आता तिथे आईचं नाव आहे, ते आईला सांगून, तिच्याजवळ बसून बदल, तिला दुसऱ्याकडून कळायला नको. आणि जमेल तेव्हा बायकोला एकदा जहाजावर ने. कंपनी अधिकाऱ्यांच्या बायकांना परवानगी देत असेल तर महिनाभर तरी. मधुचंद्र म्हणून नव्हे. बारा ते चारचा वॉच करून आलेला माणूस फोनवर तुटक का बोलतो, हे तिला एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढची वीस वर्षं सोपी जातील. काकू १९९१ साली माझ्याबरोबर दीड महिना होती. उतरताना म्हणाली, "इतके दिवस मला वाटायचं तुम्ही तिकडे मोकळे असता."

आणि नाही म्हणाली तर? किंवा वेळ मागितला तर? तेही धरून चाल. त्या रागात दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन करून जहाज मागू नकोस, हे मात्र वचन दे. आपल्याला समुद्र फार जवळचा पळायला. तिने वेळ मागितला तर त्या वेळात इथे राहा, तिच्या नजरेसमोर.

काकू म्हणते, चिपळूणला जायच्या आधी एक दिवस इकडे ये. तिला तुझ्याशी माझ्याशिवाय बोलायचं आहे. काय ते मला सांगत नाही. मी त्या दिवशी दुपारी आंब्याला पाणी घालायला वाडीत जाईन, तुम्ही बोला.

केपजवळ हवामानाकडे नीट लक्ष ठेव.

तुझा,
काका