सीएनसी राऊटर करतोयस तर आधी फ्रेम बघ

भावा, सीएनसी राऊटर म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं कापणारं मशीन, त्यात मोटरीच्या आधी फ्रेमचं बघ, गॅन्ट्री (कटर धरणारा आडवा पूल) डगमगली की कितीबी भारी मोटर लाव, कटिंगच्या कडेला लाटाच येणार. उद्यमनगरात भंगारात जाड एमएस (माइल्ड स्टील) पाइप शोध, पण वेल्डिंगनं पाइप ओढला जातोच, म्हणून गॅन्ट्री ज्यावर सरकते ती रेल बसायची जागा नंतर मशीनिंग करून घे, तिथं पैसे वाचवू नकोस. कंट्रोलला आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल, म्हणजे मोटरी चालवणारं सॉफ्टवेअर, बास होतंय, ते फुकट आहे. 1605 बॉलस्क्रू (मोटरचं फिरणं सरळ सरकण्यात बदलणारा 16 एमएम जाडीचा स्क्रू) घेतलास तर एका फेऱ्याला 5 एमएम सरकतो, मोटरच्या फेऱ्याला 200 स्टेप, ड्रायव्हर 8 मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे 8 तुकडे), म्हणजे एमएमला 200 × 8 ÷ 5 = 320 स्टेप, एक्स अक्षाला हा आकडा जीआरबीएलच्या $100 नावाच्या सेटिंगमध्ये टाकायचा, मग 100 एमएम चालवून व्हर्नियरनं मोज. आणि इमर्जन्सी स्टॉपनं स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या मोटरची) वीज लाइन पण तुटली पाहिजे, नुसता कंट्रोलर नव्हे.