ज्या मापाला टॉलरन्स लिहिलेला नाही

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पुढे पाठवलेला, नोकरीच्या मुलाखतीचा कंपनीचा मेल तीनदा वाचला. ‘बुधवारी सकाळी १० वाजता प्लांटवर यावे. सर्व कागदपत्रे आणावीत. क्वालिटी इम्प्रूव्हमेंटवर छोटे प्रेझेंटेशन तयार ठेवावे. टेक्निकल आणि एचआर राउंड होईल.’ एवढाच तो मेल, आणि त्याखाली तुझे ११ प्रश्न!

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही, त्यांनी मुद्दाम मोघम लिहिलेलं नाही. मी बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलोय. आमच्याकडे कसं व्हायचं सांगू? एचआरच्या पोराला मी जिन्यात गाठून म्हणायचो, “अरे, त्यांना काहीतरी प्रेझेंटेशन आणायला सांग.” तो जुना मेल उघडायचा, तारीख बदलायचा आणि पाठवून द्यायचा. प्रेझेंटेशन कशासाठी हवंय ते त्याला माहीत नसायचं, आणि मेलमध्ये काय गेलंय ते मला. तिकडे कुणीतरी रात्रभर ‘छोटे’ या शब्दाचा कीस पाडत बसलेलं असणार, हे आम्हा दोघांच्या डोक्यातही यायचं नाही. आज तुझे प्रश्न वाचताना जरा ओशाळलो.

अप्रेंटिसशिपच्या पहिल्या महिन्यात आपण ड्रॉइंग वाचायला बसलो होतो, ते आठव. प्रत्येक मापाला टॉलरन्स, म्हणजे किती कमी-जास्त चालेल ते, लिहिलेला नसतो. टायटल ब्लॉकपाशी बारीक अक्षरात ‘आयएसओ २७६८-एम’ असतं, म्हणजे न लिहिलेल्या मापांसाठीचा ठरलेला जनरल टॉलरन्स. ते दिसलं की ५० मिमीच्या मापाला ±०.३ आणि २० मिमीच्या मापाला ±०.२ धरायचं आणि कामाला लागायचं. त्यासाठी कुणी डिझाइनवाल्याला फोन करत नाही. पण बेअरिंग बसायच्या बोअरला, म्हणजे भोकाला, टॉलरन्स लिहायचा राहिला असेल, तर? तिथे ±०.३ धरून पार्ट काढलेस तर अख्खा लॉट भंगारात. तिथे थांबायचं, विचारायचं, आणि लेखी विचारायचं.

तुझ्या ११ प्रश्नांत ‘बोअर’ दोनच आहेत. कोणता प्लांट, आणि प्रेझेंटेशन किती वेळाचं व कशावर. बाकीच्या नऊंना जनरल टॉलरन्स लागू.

प्लांटचं मी एवढं का धरून बसलोय, तर १९९१ साली माझ्या मुलाखतपत्रात नुसतं ‘भोसरी कारखाना’ लिहिलं होतं. लेटरहेडवर एक पत्ता होता, त्यावर मी वेळेच्या आधी हजर. वॉचमन म्हणाला, इंटरव्ह्यू दुसऱ्या शेडला. ती शेड एमआयडीसीच्या पार दुसऱ्या टोकाला. मे महिना, रिक्षाला पैसे नाहीत. पोचलो तेव्हा ४० मिनिटं उशीर झालेला, शर्ट पाठीला चिकटलेला. साहेबांनी एवढंच विचारलं, “आदल्या दिवशी फोन का नाही केलास?” कोपऱ्यावर पीसीओ होता, कॉलला एक रुपया पडायचा. मला वाटलं होतं, विचारलं तर यांना वाटेल, पोराला साधा पत्ता कळत नाही. ती नोकरी गेली. तुझ्या या कंपनीचे चाकणला दोन प्लांट आहेत, असं तूच लिहिलंयस. मग आणखी काय सांगू?

विचारताना मात्र नुसतं ‘कृपया खुलासा करावा’ असं लिहू नकोस. असल्या मेलला उत्तर द्यायचं म्हणजे समोरच्याला विचार करावा लागतो, म्हणून तो उद्यावर टाकतो. तू काय धरून चालली आहेस ते सांग, म्हणजे त्याला फक्त ‘हो’ म्हणावं लागेल. इंग्रजीत लिही, पण मजकूर असा असू दे: ‘बुधवारी १० वाजता मी अमुक गट नंबरच्या प्लांटच्या मेन गेटवर येते आहे. अप्रेंटिसशिपमध्ये केलेल्या रिजेक्शन कमी करण्याच्या कामावर १० मिनिटांचं प्रेझेंटेशन तयार करते आहे. यात काही बदल हवा असल्यास कृपया सोमवारपर्यंत कळवावे.’ बस. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर एक फोनही कर. उत्तर आलं नाही, तरी तू काय धरलंस ते त्यांच्याकडे लेखी राहतं, आणि मुलाखतीत ते बिनधास्त सांगता येतं.

आता ते नऊ. कपडे साधे, इस्त्रीचे. पायात बंद बूट, कारण मध्येच शॉप फ्लोअरवर नेलं तर सँडल घातलेलीला दारातच उभं करतील. भाषा कोणती, तर स्लाइड इंग्रजीत आणि बोलणं ते ज्या भाषेत विचारतील त्या भाषेत. ‘सर्व कागदपत्रे’ म्हणजे दहावी, डिप्लोमाच्या सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट, अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट, आधार, पॅन, फोटो. ओरिजिनल एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या फाइलमध्ये. ओरिजिनल दाखवायची, ठेवून घेऊ द्यायची नाहीत. तुझ्या मैत्रिणीला आला तसा पत्ता मोघम आणि डिपॉझिटची रक्कम मात्र स्पष्ट असा मेल आला, तर तो सरळ डिलीट करायचा.

प्रेझेंटेशनला सहा-सात स्लाइड पुरेत. एकच काम घे, ते पार्टच्या कडेला राहणाऱ्या बर्रचं, म्हणजे धातूच्या खरखरीत कोरेचं. आधी काय होतं, कारण कसं शोधलं, काय बदललं, नंतर काय झालं. फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती, काढलास तर त्यातलं कुठलं कारण तपासून बाद केलं तेही दाखव. सगळे फिशबोन दाखवतात, बाद केलेलं कारण कुणी दाखवत नाही. जुन्या कंपनीचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव यांतलं काही नको. आकडे टक्क्यांत दे. आणि दोन प्रिंट काढून ने. बऱ्याच प्लांटच्या गेटवर पेन ड्राइव्ह, लॅपटॉप अडवतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. तिथे वाद घालण्यात तुझी १० मिनिटं जायला नकोत.

‘टेक्निकल राउंड’ म्हणजे काय, हे विचारू नकोस. ते जाहिरातीतच आहे, ‘कोअर टूल्स’ असं लिहिलंय. म्हणजे वाहन उद्योगातल्या क्वालिटीच्या पाच ठरलेल्या पद्धती: एपीक्यूपी (नव्या पार्टचं नियोजन), पीपॅप (ग्राहकाकडून पार्टची मंजुरी), एफएमईए (काय बिघडू शकतं ते आधीच शोधणं), एमएसए (मोजमापाची तपासणी) आणि एसपीसी (आकडेवारीने प्रोसेसवर नजर). पण एक गोष्ट ध्यानात ठेव. कॉलेजच्या नोट्समध्ये एफएमईए म्हणजे आरपीएन, जोखमीचा आकडा. सिव्हिअरिटी (दोष किती गंभीर), ऑकरन्स (किती वेळा घडतो), डिटेक्शन (पकडणं किती अवघड) यांचा गुणाकार, जास्तीत जास्त १०००. २०१९ मध्ये एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या वाहन उद्योगाच्या संघटनांचं एकत्र हँडबुक आलं, त्यात आरपीएन जाऊन अ‍ॅक्शन प्रायॉरिटी (एपी) आली: हाय, मीडियम, लो. कारखान्यात जुन्या शीटही सापडतात. तेव्हा “एफएमईए कसं करतेस?” असं विचारलं तर “तुमच्याकडे आरपीएन चालतं की एपी?” असं आधी विचार आणि मग बोल.

मघाशी म्हणालो, मुद्दाम मोघम कुणी लिहीत नाही. बोलताना मात्र मी स्वतः करायचो. उमेदवारासमोर एक टर्न केलेला पार्ट आणि व्हर्नियर ठेवायचो आणि म्हणायचो, “माप घे.” दहातले आठ जण लगेच बाहेरचा व्यास मोजून आकडा सांगायचे. एखादाच जबडे मिटवून झीरो बघायचा आणि विचारायचा, “कुठलं माप, सर? टॉलरन्स किती आहे?” एकीने तर विचारलं होतं, “±०.०२ असेल तर मायक्रोमीटर मिळेल का?” व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान मापच, ०.०२, त्यावर ते माप तपासायचं कसं, हा तिचा मुद्दा. पुढचे प्रश्न मी विचारलेच नाहीत, चहा मागवला.

सोमवारी संध्याकाळपर्यंत त्यांचं उत्तर आलं नाही, तर मंगळवारी सकाळी प्लांटच्या बोर्ड नंबरवर फोन लाव आणि सिक्युरिटीला विचार, उद्याचे इंटरव्ह्यू कुठे आहेत म्हणून. बऱ्याचदा एचआरच्या आधी त्यांना माहीत असतं. व्हिजिटरची यादी त्यांच्याकडेच येते. बुधवारी भोसरीहून साडेसातलाच नीघ. चाकणला तळेगाव चौकात बस अडकली की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही.

प्रिंट काढण्याआधी स्लाइड मला पाठव. रात्री नऊच्या आत. नंतर मी गोळी घेऊन झोपलेला असतो, आणि काकू फोन उचलू देत नाही.

तुझा
काका