दूषित शहरी जमिनी : सार्वजनिक पैसा कोठे आणि कोणत्या अटींवर?

बंद पडलेले कारखाने, जुनी गॅसनिर्मिती केंद्रे, कातडी कमावण्याचे उद्योग, पेट्रोल पंप यांच्यामागे शहरांत उरलेल्या दूषित जमिनींविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : ज्याने जमीन नासवली त्यानेच सफाईचा खर्च द्यावा, असे तत्त्व आहे. मग करदात्यांनी भुर्दंड का सोसायचा?

तत्त्व निर्विवाद आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणात ते ठामपणे लागू केले. अडचण वसुलीची आहे. सफाईची वेळ येते तेव्हा कंपनी अनेकदा बुडालेली असते, मालकी अनेक हातांतून गेलेली असते आणि प्रदूषण झाले त्या काळी ते कायद्याने निषिद्धही नसते. तोवर रसायने भूजलात उतरत राहतात आणि विलंबागणिक खर्च वाढतो. म्हणून आधी सरकारने खर्च करावा आणि मग जबाबदार व्यक्तीकडून तो वसूल करावा, ही रीत अमेरिकेने १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्यात स्वीकारली. या निधीसाठी तेल व रसायन उद्योगांवर विशेष कर होता. १९९५ च्या अखेरीस त्याची मुदत संपली, शिल्लक आटत गेली आणि भार सर्वसाधारण महसुलावर आला. रसायनांवरील कर २०२२ मध्ये आणि तेलावरील कर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधली पंचवीसहून अधिक वर्षे नासवणाऱ्या उद्योगांऐवजी सामान्य करदाता पैसे भरत राहिला, हे माझ्या मते अक्षम्य होते. भारताच्या २०२५ च्या दूषित स्थळविषयक नियमांतही खर्चाची जबाबदारी प्रथम प्रदूषकावरच आहे. तो सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल, तरच सरकारी निधीचा प्रश्न येतो.

प्रश्न : आमच्या नगरपालिकेकडे अशी एक जागा पडून आहे. थेट सफाईसाठी अनुदान मागावे का?

नाही, आधी तपासणीसाठी मागावे. अशा जमिनी ओसाड राहतात त्या जितक्या घाणीमुळे, तितक्याच घाण किती आहे याचा अंदाज नसल्यामुळे. खर्चाचा आकडा सांगता येत नाही तोवर बँक कर्ज देत नाही, विमा उतरवला जात नाही आणि उद्या जबाबदारी अंगावर येईल या भीतीने खरेदीदारही फिरकत नाही. ही अनिश्चितता दूर करण्याचा खर्च सफाईच्या मानाने थोडा असतो. पण तपासणीअंती जमीन निरुपयोगी ठरली तर तो बुडीत जातो, म्हणून खासगी गुंतवणूकदार तो करायला धजावत नाही. सार्वजनिक पैसा सर्वाधिक परिणाम करतो तो नेमका येथे.

पहिल्या टप्प्यात खोदकाम नसते. जुने नकाशे, परवाने आणि मालकीच्या नोंदी तपासायच्या, जागेची पाहणी करायची, शक्य असल्यास जुन्या कामगारांशी बोलायचे. येथे सॉल्व्हंट (तेल, ग्रीस विरघळवणारी रसायने) वापरले गेले की जमिनीखाली इंधनाच्या टाक्या होत्या, हे कळल्याशिवाय नमुने कोठून घ्यायचे आणि त्यांत काय शोधायचे हे ठरत नाही. दुसऱ्या टप्प्यात माती, भूजल आणि मातीतील वायूंचे नमुने घेतले जातात. वायूंची तपासणी पैसे वाचवण्यासाठी गाळली जाते; ती गाळू देऊ नका, कारण ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या सॉल्व्हंटची वाफ इमारतीच्या पायातील भेगांतून थेट घरात शिरते.

अमेरिकेच्या २००२ च्या ब्राउनफील्ड (म्हणजे प्रदूषणामुळे किंवा त्याच्या शंकेमुळे पडून असलेल्या जागा) कायद्याने तपासणी, सफाई आणि फिरता कर्जनिधी (परतफेडीच्या पैशातून पुन्हा कर्ज देणारा निधी) यांसाठी स्वतंत्र अनुदाने ठेवली. तितकेच महत्त्वाचे म्हणजे, खरेदीपूर्वी रीतसर चौकशी करणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराला जुन्या प्रदूषणाच्या दायित्वापासून संरक्षण दिले. या संरक्षणाला सरकारी तिजोरीतून फारसे काही लागत नाही, तरी ते पुष्कळ खासगी भांडवल मोकळे करते.

प्रश्न : ‘पूर्ण स्वच्छ’ झाल्याशिवाय परवानगी देऊच नये, हे बरोबर ना?

नेदरलँड्सने तसे करून पाहिले. लेकरकर्क येथे रासायनिक कचऱ्यावर घरे बांधल्याचे १९८० मध्ये उघड झाल्यावर, जमीन कोणत्याही वापरास योग्य होईल इतकी सफाई करण्याचे धोरण आले. खर्च झेपेना, कामे रखडली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस नियोजित वापरानुसार सफाईचे धोरण स्वीकारले गेले. जर्मनीत ड्यूसबुर्ग येथील बंद लोखंड कारखान्याच्या जागी उद्यान झाले, तेव्हा अतिदूषित माती तेथल्याच जुन्या बंकरांत बंदिस्त करण्यात आली. मात्र प्रदूषण जागेवर ठेवायचे असेल तर वापरावरील निर्बंध मालकी दस्तात नोंदलेले हवेत आणि दीर्घकालीन देखरेखीचा पैसा सुरुवातीलाच बाजूला काढलेला हवा. फीत कापल्यानंतरच्या तिसाव्या वर्षासाठी कोणीच तरतूद करत नाही.

प्रश्न : दूषित माती शहराबाहेर नेऊन टाकली तर?

मग दुसऱ्या कोणाची तरी जमीन दूषित होईल. उचललेली माती अधिकृत केंद्रातच गेली पाहिजे आणि प्रत्येक खेपेची नोंद राहिली पाहिजे.

प्रश्न : सफाई सरकारने करायची आणि वाढलेला भाव बिल्डरने घ्यायचा, हे टाळता येईल का?

येईल, पण अटी अनुदान मंजूर करतानाच घालाव्या लागतात. नंतर सौदाशक्ती उरत नाही. सफाईपूर्वीचे आणि नंतरचे मूल्य स्वतंत्र मूल्यमापकाकडून ठरवून वाढीचा ठरावीक हिस्सा निधीत परत घेता येतो. जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने देता येते, किंवा परवडणाऱ्या घरांचे प्रमाण करारात बांधता येते. बाजारभाव एवढा चढा असेल की विकसक सफाईचा खर्च स्वतःच सोसू शकतो, तर अनुदान देऊच नये. ते अशा जागांसाठी राखावे, जेथे सफाईचा खर्च जमिनीच्या किमतीहून अधिक आहे आणि शेजारी राहणाऱ्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही.