जुना वस्तरा : धार, पट्टा आणि पावसाळी गंज

प्रश्न : चोरबाजारातून जुना झोलिंगेनचा (जर्मनीतले पात्यांसाठी प्रसिद्ध शहर) वस्तरा घेतला. रस्त्यावरच्या धारवाल्याकडे चाकावर धार लावून घेतली, तरी दाढी करताना केस ओढले जातात. पाते वाया गेले का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : आधी उजेडात धारेची कड पाहा. निळसर किंवा तपकिरी छटा दिसली, तर चाकाच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरले आहे. तेवढा भाग आता धार धरणार नाही. छटा नसेल, तर पाते बहुधा वाचेल. सुरी-विळीला चाक ठीक, वस्तऱ्याला कधीच नाही. त्याच्या धारेचा कोन पाठीच्या जाडीतच बसवलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही दगडावर एकदम टेकवली, की साधारण 16-17 अंश आपोआप मिळतात.

दगड सपाट हवा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर ठेवलेल्या 400 नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी घालून, रेघा पुसल्या जाईपर्यंत तो घासा. धारेवर मार्करची शाई लावा. 1000 नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) धार पुढे ठेवून पाते न्या, उलटताना पाठीवरून उलटा. पाते दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असेल, तर तिरके ओढा. शाई जिथे उरते, तिथे दगड पोचलेला नाही. म्हणून दाबायचे मात्र नाही, दाबले की पातळ पाते वाकते आणि पाठ झिजते. मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक ठिकाणी हातावरचा केस कातडीलगत सहज कापला गेला, तरच पुढे जा. बहुतेकांची घाई इथेच नडते. 1000 वर जे राहून गेले, ते 8000 वर भरून निघत नाही. मग 4000, 8000, जमल्यास 12000, दर टप्प्याला दाब कमी करत. पाठीला इलेक्ट्रिकची टेप लावली असेल, तर शेवटपर्यंत तेवढेच थर ठेवा. मध्येच काढलीत तर कोन बदलतो.

प्रश्न : वस्तरा दर आठवड्याला दगडावर घासावा का? (दादर)

उत्तर : नको, पाते उगाच झिजेल. दाढीआधी, न्हावी वापरतात तसल्या टांगत्या पट्ट्याच्या कापडी बाजूवर 20 आणि चामड्यावर 50 फेऱ्या पुरतात. इथे पाठ पुढे, धार मागे. पट्टा ढिला सोडला, तर धार गोल होते. केस ओढण्याचे कारण बरेचदा एवढेच असते. तरीही भागत नसेल, तर वेगळ्या कापडी पट्ट्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइड पेस्ट लावून दहा फेऱ्या द्या. त्यानेही जमले नाही, तरच दगड काढा.

प्रश्न : पावसाळ्यात तेल लावूनही पात्यावर गंज चढतो, तोही मुठीत बसणाऱ्या भागावर. (वसई)

उत्तर : मूठ सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारचे प्लास्टिक) आहे का? जुने सेल्युलॉइड कुजले, की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती नेमकी तिथेच पाते खाते. मुठीला कापरासारखा किंवा उग्र आंबूस वास येत असेल, तर मूठ बदलून घ्या. तोवर हा वस्तरा बाकीच्यांपासून लांब ठेवा, विस्तवाजवळ तर अजिबात नको. सेल्युलॉइड झटकन पेटते. शिंगाची मूठ असेल, तर दोष बहुधा ओलाव्याचा. दाढीनंतर पाते-मूठ जोडणाऱ्या खिळ्याजवळचे पाणी टिशूच्या पट्टीने टिपा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवा आणि वस्तरा बाथरूमबाहेर, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. चामड्याचे पाकीट जून ते सप्टेंबर नकोच, ते ओल धरते. पट्टाही हवेशीर जागी टांगा. बुरशी आली, तर कोरड्या कापडाने पुसा. उन्हात टाकलात तर चामडे तडकते.